पूर्वरंगावांचून आख्यान

कथा आणि श्रोते यांच्या मध्यें एक तिसरा मनुष्य येऊन उभा राहिला म्हणजे कथेचें काय होतें, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. कीर्तनकार, सूत्रधार, गायक नट असे अनेक तिसरे मनुष्य आमच्या समाजानें पाहिले. त्यांतील कांहींना डोक्यावर घेतलें, कांहींना निरोपहि दिला. आज तें स्थान एका नव्याच मनुष्याकडे आलें आहे. तो बहुधा वीस-पंचवीस वर्षांचा असतो, त्याच्या कानांवर हेडफोन असतो, आणि सारें घर निजल्यावर त्याचें काम सुरू होतें. त्याच्याविषयीं लिहावयास बसलों आणि आम्हांस मराठी रंगभूमीच्या इतिहासाकडे वळावें लागलें. तें कां, हें आधीं सांगितलें पाहिजे.

ठाणें शहरांतील खोपट या भागांत, एस. टी. स्थानकाच्या मागल्या बाजूस, आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या आईवडिलांसह राहतो. दिवसा तो एका कचेरींत नोकरी करितो आणि रात्रीं व्हिडिओ गेम खेळतो. हे खेळ केवळ धांवण्याचे किंवा गोळ्या झाडण्याचे नव्हत. त्यांत पात्रें असतात, प्रकरणें असतात, आरंभ आणि शेवट असतो. कादंबरींत आणि त्यांत भेद एवढाच कीं, कादंबरीचा नायक आपल्यावांचूनहि चालतो, आणि येथें खेळणाऱ्यानें पाऊल टाकल्यावांचून कथा पुढें सरकत नाहीं. आमचा हा विद्यार्थी एकटा खेळत नाहीं. तो खेळत असतां त्याच्यापुढील पडदा यूट्यूबवरून त्याच क्षणीं इतरांसहि दिसत असतो. यालाच 'स्ट्रीमिंग' म्हणतात. पाहणारे लोक बाजूच्या रकान्यांत संदेश लिहितात, आणि खेळणारा त्यांच्याशीं बोलत बोलत खेळतो. हा नाद लहान राहिलेला नाहीं. याच कामासाठीं २०११ सालीं निघालेली 'ट्विच' ही संस्था अमेझॉननें २०१४ सालीं सुमारें ९७ कोटी डॉलर देऊन विकत घेतली. संदेशाबरोबर पैसे पाठविण्याची सोय यूट्यूबनें २०१७ सालीं केली. आपल्याकडे २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि खोपटसारख्या ठिकाणच्या दोन खोल्यांच्या घरांतूनहि हा उद्योग करणें शक्य झालें.

गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं रात्रीं त्याच्या आग्रहावरून आम्ही त्याच्या खोलींत जाऊन बसलों. खेळ होता 'राजी'. हा खेळ पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनीं तयार केला आणि तो २०२० सालीं बाहेर आला. राजी नांवाच्या मुलीचा धाकटा भाऊ गोलू यास असुर पळवून नेतात, आणि ती एकटी त्याच्या शोधास निघते, अशी त्याची कथा आहे. कथेचे कांहीं भाग छायाबाहुल्यांच्या रूपानें दाखविले आहेत. दुर्गा आणि विष्णु ही दोन दैवतें त्या मुलीचा प्रवास वरून पाहत असतात आणि तिच्याविषयीं एकमेकांशीं बोलत असतात. म्हणजे खेळांतच दोन सूत्रधार बसविलेले आहेत. वाटेंत जागोजाग भिंतींवर चित्रें आहेत. राजीला त्यांच्यासमोर उभें केलें कीं त्या चित्रांतील पुराणकथा ऐकूं येते. देवीनें महिषासुराशीं केलेलें युद्ध भिंतीवर आहे, आणि भिंतीपुढच्या चौकांत एक लहान मुलगी असुरांशीं झुंजत आहे. या दोहोंचा संबंध काय, हें खेळणाऱ्यानें स्वतः जुळवावयाचें असतें; खेळाचा अर्थ तेथेंच आहे.

आमच्या विद्यार्थ्याची बोटें विलक्षण चपळ होतीं. परंतु भिंतीजवळ आला कीं रकान्यांत 'पुढें चल', 'मारामारी दाखव' असे संदेश येत, आणि तो पुढें जाई. देवी बोलूं लागली कीं नेमका त्याच वेळीं तो कोणाला तरी उत्तर देत असे, आणि देवीचा आवाज त्याच्या आवाजाखालीं बुडे. मध्यरात्रीच्या सुमारास रकान्यांतून एक संदेश वर सरकत गेला. लिहिणारी कोणी स्त्री होती. आपला धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वीं गेला, हें पाहवत नाहीं तरी पाहतें आहें, एवढेंच तिनें लिहिलें होतें. त्या क्षणीं आमचा विद्यार्थी पन्नास रुपये पाठविणाऱ्या एका गृहस्थाचे आभार मानीत होता. संदेश वर गेला आणि दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला तो संदेश सांगितला, तेव्हां त्याचा चेहरा उतरला. "खरेंच दिसला नाहीं, सर," तो म्हणाला. "आणि भिंतीवरचीं चित्रें?" असें विचारतां तो किंचित् थांबून म्हणाला, "थांबलों कीं लोक जातात, सर."

हा मुलगा मंदबुद्धि नाहीं. आमच्या वर्गांत शोकांतिकेवर त्यानें लिहिलेला निबंध आम्हीं अद्याप जपून ठेविला आहे. असा मुलगा डोळ्यांदेखत उभा असलेला अर्थ गमावतो, तेव्हां दोष त्याच्या बुद्धीचा नसून त्याच्या जागेचा असला पाहिजे. कथा आणि सभा यांच्या मध्यें जो उभा राहतो त्याला थांबतां येईल कीं नाहीं, हें त्याच्या गुणांपेक्षां त्या जागेच्या रीतींवर अवलंबून असतें. म्हणून या जागेचा आपल्याकडील इतिहास पाहणें अवश्य आहे.

त्या इतिहासांत पहिला मान कीर्तनकाराचा. नारदीय कीर्तनाची रचना वाचकांस परिचित आहेच. नमन झालें कीं पूर्वरंग. त्यांत एक मूळ पद घेऊन त्याचें निरूपण करावयाचें, म्हणजे आज कोणता विचार सांगावयाचा आहे तो आधीं मांडावयाचा. मग नामगजर, कीर्तनकाराच्या गळ्यांत हार, कपाळीं बुक्का. आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. आख्यान संपतांना कीर्तनकार पुन्हां मूळ पदावर येतो. हा क्रम केवळ सोयीचा नव्हे. सभेसमोर उभा राहून कथा सांगणारा मनुष्य हंशा आणि वाहवा यांच्या नादानें वाहून जातो, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखिलें होतें. म्हणून त्याला बांधून घेतलें. अर्थ आधीं सांग, मग कथा सांग, आणि कथा संपली कीं अर्थाकडे परत ये. या दोन खुंट्यांच्या मध्यें त्यानें विनोद करावा, श्रोत्यांची थट्टा करावी, कालच्या बाजारांतली हकीकत सांगावी. कोणाचीहि हरकत नसे. वारकरी कीर्तनांत तर स्वतंत्र आख्यानच नसतें. एकाच अभंगाचें निरूपण शेवटपर्यंत चालतें. तात्पर्य, कथेच्या मध्येंच बोलणें हा अपराध आपल्या परंपरेनें कधींच मानिला नाहीं. बोलून झाल्यावर परत यावयास ठिकाण नसणें, हा मात्र तिनें मोठा दोष मानिला.

दुसरा मनुष्य म्हणजे सूत्रधार. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' नाटक केलें. भाव्यांच्या नाटकांत पदें म्हणण्याचें आणि कथा जोडून देण्याचें काम सूत्रधाराकडे असे. पात्रें पुढें येऊन प्रसंगानुरूप आयत्या वेळीं बोलत. कीर्तनकाराचें काम येथें सूत्रधाराकडे आलें; मात्र निरूपणाची जबाबदारी बरीच सैल झाली. पुढें १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें आणि पदें ज्याची त्या पात्राच्या तोंडीं घातलीं. सूत्रधार नांदीपुरता उरला. शकुंतला स्वतः गाऊं लागल्यावर मध्यस्थाची गरजच काय, असें तेव्हां वाटलें असल्यास नवल नाहीं. आणि कलेच्या दृष्टीनें तें पाऊल पुढचेंच होतें. परंतु मधली जागा रिकामी झाली, आणि रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाहीं. ती प्रेक्षकांनीं घेतली. त्यांचा शब्द होता 'वन्समोअर'.

इंग्रज प्रेक्षक आपल्या नाटकगृहांत अशा प्रसंगीं फ्रेंच शब्द उच्चारतो. आम्हीं इंग्रजी शब्द उचलला आणि तो मराठीच करून टाकिला. या एका शब्दानें प्रेक्षक कथेचा धनी झाला. त्यानें म्हटलें म्हणजे मरणोन्मुख पात्रानें उठून पुन्हां गावें. नाटकें पहाटेपर्यंत चालत तीं याच शब्दाच्या बळावर. त्यामुळें आमचें संगीत वाढलें, गायक नटांस मान मिळाला, खेड्यापाड्यांत राग पोंचले, हें आम्ही नाकारीत नाहीं. देवलांच्या 'शारदे'ंत (१८९९) तर पदांनींच नाटकाचा अर्थ घरोघर नेला, कारण म्हाताऱ्यास विकल्या जाणाऱ्या मुलीचें दुःख त्या पदांतच होतें. परंतु सर्वच नाटकांचें नशीब तसें नव्हतें.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले. त्यांचें 'एकच प्याला' हें नाटक पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास केलें. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची आणि सुधाकराची गणपतराव बोडसांची. नाटकांतील पदें गडकऱ्यांचीं नव्हेत. तीं विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं. एक बुद्धिमान् वकील, सनद कांहीं काळ रद्द झाल्याच्या अपमानानें पहिला प्याला घेतो, आणि तो प्याला त्याचें घर, मूल आणि बायको यांचा बळी घेतो, हें सारें गडकऱ्यांनीं निर्दय क्रमानें दाखविलें आहे. परंतु प्रेक्षकांच्या आठवणींत काय राहिलें? एका बाजूस सिंधूचीं पदें, आणि दुसऱ्या बाजूस तळीराम व त्याचें आर्य मदिरा मंडळ. पदांना वन्समोअर, तळीरामाला हंशा. त्या दोहोंच्या मधून सुधाकर आपला शेवटच्या प्याल्याकडे चालत गेला, आणि त्याच्याकडे पाहण्यास पुष्कळांना सवड झाली नाहीं.

हें आम्ही ऐकीव म्हणून सांगत नाहीं. ठाण्याच्या नाट्यगृहाला गडकऱ्यांचेंच नांव आहे. तलावपाळीवरचें 'राम गणेश गडकरी रंगायतन' १९७८ सालीं सुरू झालें. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनीं, आम्ही महाविद्यालयांत असतां, तेथें 'एकच प्याला'चा प्रयोग पाहिला. बरोबर आमची मावशी होती. मावशी खोपटलाच राहत असे. तिचे यजमान वागळे इस्टेटींत एका कारखान्यांत होते आणि रोज संध्याकाळीं पिऊन घरीं येत. हें सर्वांना ठाऊक होतें आणि कोणीहि तें बोलत नसे. दारिद्र्यांत पडलेल्या सिंधूनें आपल्या मुलाला जवळ घेऊन पद म्हटलें, आणि तें इतकें सुरेख झालें कीं आम्हीं मोठ्यानें वन्समोअर दिला. इतरांनींहि दिला. त्या बाईनें डोळे पुसले होते. ते न पुसल्यासारखे करून पुन्हां आरंभ केला. आम्हीं ताल धरला. मावशीनें मान खालीं घातली होती ती पद संपेपर्यंत वर केली नाहीं.

प्रयोग संपल्यावर आम्ही तलावावरून पायींच खोपटकडे निघालों. बरेंच अंतर ती कांहींच बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "तूं टाळ्या कशाला वाजवीत होतास रे?" आम्हीं उत्तर दिलें, "गळा किती गोड होता, मावशी!" ती "हो, होता," म्हणाली आणि पुन्हां गप्प झाली. पुढें आम्हीं हेंच नाटक वर्गांत शिकविलें, त्यावर व्याख्यानें दिलीं. परंतु त्या प्रश्नाचा रोख आमच्या ध्यानीं येण्यास मावशीचें घर मोडावें लागलें. त्या रात्रीं ज्या एका श्रोत्यासाठीं तें नाटक लिहिलें होतें म्हणावें, ती आमच्या शेजारच्या खुर्चींत होती. खोपटच्या खोलींतून तो संदेश वर सरकत गेला तेव्हां आम्हांस आठवली ती ही खुर्ची.

याच्या उलट घडलेलें एक उदाहरणहि याच इतिहासांत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' हें नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीनें १९०७ सालीं केलें. कथा महाभारतांतील, विराटाच्या दरबारांत द्रौपदीची विटंबना करूं पाहणारा कीचक आणि त्याला मारणारा भीम. नाटकांत इंग्रजांचें नांव नाहीं, बंगालच्या फाळणीचा उल्लेख नाहीं. तरी कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, सोशीक धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हें पिटांतल्या प्रेक्षकासहि कोणी सांगावें लागलें नाहीं. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानें १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत नेमकी हीच गोष्ट नोंदली, आणि त्याच वर्षीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. अर्थ चुकविणारा प्रेक्षक आणि अर्थ हेरणारा प्रेक्षक हे एकाच पिढींतील, पुष्कळदां तेच लोक होते. मग भेद कशानें झाला? 'कीचकवध' गद्य नाटक होतें. त्यांत वन्समोअर देण्याजोगें पद नव्हतें, म्हणून कथा अखंड चालली. आणि कथेचें निरूपण प्रेक्षक घरूनच करून आला होता. १९०५ नंतरचीं दोन वर्षें वर्तमानपत्रें, सभा आणि चावड्या हेंच त्याचें पूर्वरंग होतें. नाट्यगृहांत त्याला केवळ आख्यान ऐकावयाचें होतें.

आतां खोपटच्या खोलीकडे परत येऊं. आमच्या विद्यार्थ्याच्या जागीं काय काय एकवटलें आहे, हें या इतिहासावरून स्पष्ट दिसतें. १८८० सालीं रिकाम्या झालेल्या आसनावर मध्यस्थ पुन्हां येऊन बसला आहे. परंतु कीर्तनकाराच्या पायांतलें निरूपणाचें बंधन त्याच्या पायांत नाहीं. प्रेक्षकांचा वन्समोअर तर गेलेलाच नाहीं. तो पद संपण्याची वाट पाहत असे, आतां तो क्षणोक्षणीं रकान्यांतून वर सरकतो. नाटकांतील नट निदान पदापुरता तरी भूमिकेंत असे. येथें मात्र खेळणारा, सांगणारा आणि सभेची मर्जी राखणारा हे तिघे एकाच देहांत आहेत, आणि मर्जी राखणाऱ्याचा हिशेब तेवढा आकड्यांनीं पडद्यावर दिसतो. मग अर्थ निसटला तर तें आश्चर्य कसलें?

यावर कोणी म्हणेल कीं, मग खेळणाऱ्यानें गप्पच बसावें. हा उपाय आम्हांस पसंत नाहीं, आणि त्याविरुद्ध एक बोलका पुरावा अमेरिकेंतून मिळतो. रायन ग्रीन आणि त्यांची पत्नी एमी यांचा जोएल नांवाचा लहान मुलगा कर्करोगानें २०१४ सालीं वारला. त्याच्या आजाराच्या वर्षांवर त्यांनीं 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ रचला. तो २०१६ च्या जानेवारींत निघाला. पुष्कळांनीं तो आरंभापासून शेवटपर्यंत खेळून यूट्यूबवर दाखविला, आणि लोकांनीं तो पाहूनच समाधान मानिलें. ग्रीन यांनीं त्याच वर्षीं जाहीरपणें लिहून आपलें दुःख कळविलें. खेळाची विक्री होत नाहीं, ही त्यांची तक्रार होतीच. परंतु लोक बोलतात, अशी ती तक्रार नव्हती. उलट, जवळजवळ एक शब्दहि न बोलता सारा खेळ जसाच्या तसा मांडून ठेवणाऱ्यांविषयीं ती होती. थोडा भाग दाखवा, त्यावरून स्वतःच्या जीवनांतलें कांहीं सांगा, पाहणाऱ्यांना बोलतें करा, अशी त्यांची विनंती होती. मुलगा गमावलेला तो बाप निरूपणच मागत होता.

आपल्या परंपरेनें हीच गोष्ट रीतीच्या रूपानें सांगितली आहे, आणि ती आजहि करतां येण्याजोगी आहे. खेळ सुरू करण्यापूर्वीं थोडा वेळ, ही कथा कशाविषयीं आहे असें आपणांस वाटतें, तें सांगावें. कथेंत जेथें भिंत येते, पत्र येतें, मरण येतें, तेथें हात आणि तोंड दोन्ही थांबवावीं. शेवटीं आरंभींच्या विचाराकडे परत यावें, आणि तो चुकला असल्यास चुकला म्हणून कबूल करावें. मधल्या वेळांत थट्टा, आभार, गप्पा खुशाल चालाव्यात. आम्हीं हें त्या विद्यार्थ्याला सांगितलें. सांगतांना आम्हांस थोडी लाजहि वाटली, कारण परीक्षेच्या धाकानें नाटक भराभर पुढें नेणारे अध्यापक आम्हीहि होतों. आमच्यापुढें रकाना नव्हता, वेळापत्रक होतें.

दोन आठवड्यांनीं आम्हीं घरीं बसून फोनवर त्याचा खेळ पाहिला. आरंभीं तो अडखळत कांहीं बोलला. भिंतीजवळ आला तेव्हां त्यानें राजीला चित्रासमोर उभें केलें आणि देवीचा आवाज संपेपर्यंत तो एक शब्दहि बोलला नाहीं. पाहणाऱ्यांचा आकडा आमच्यादेखत खालीं आला. भावाविषयीं लिहिणारी ती बाई त्या रात्रीं होती कीं नव्हती, हें कळण्यास मार्ग नाहीं. तिचा संदेश पुन्हां दिसला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला. "महिषासुराची गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, सर," तो म्हणाला, "पण भिंतीवरची ती त्या मुलीचीच गोष्ट आहे, हें काल तेथें उभा राहिलों तेव्हां कळलें." लोक किती गेले, असें आम्हीं विचारलें. "बरेच," तो म्हणाला. पुढच्या शनिवारींहि थांबणार का, असें विचारतां त्यानें उत्तर दिलें, "बघूं, सर."